उत्तरेत बर्फ, सोलापुरात ऊन!

फेब्रुवारी संपत आला की माझ्या दवाखान्यातला बाक दिवसातून दोनदा वेश बदलतो. सकाळी नऊ वाजता त्यावर स्वेटर, कानटोपी घातलेले पेशंट बसलेले असतात. दुपारी एकला त्याच बाकावर डोक्याला ओला रुमाल बांधलेले. सकाळचे म्हणतात, "डॉक्टर, यंदा थंडी जाईना." दुपारचे म्हणतात, "डॉक्टर, उन्हाळा लागला की ओ!" गंमत अशी की दोघांचेही खरे असते.

परवा एक निवृत्त मास्तर रक्तदाब तपासायला आले होते. वय सत्तरीच्या पुढे, पण वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारे. दंडाला पट्टा बांधत असतानाच त्यांनी विचारले, "डॉक्टर, टीव्हीवर सांगत होते, उत्तरेत अजून बर्फ पडायचा आहे. म्हणजे आपला उन्हाळा लांबला म्हणायचा का? तसं असेल तर माठ इतक्यात काढत नाही."

मी म्हणालो, "मास्तर, माठ आजच काढा." मास्तर हसले. पण मी हसण्यावारी सांगितले नव्हते. सोलापूरकरांना उन्हाचे काय कौतुक, असे आपण नेहमी म्हणतो. एप्रिल-मेच्या उन्हाशी आपली जुनी ओळख आहे. आपल्याला फसवते ते फेब्रुवारी-मार्चचे पहिले ऊन. कारण त्याच्याकडे आपण अजून थंडीच्या नजरेनेच पाहत असतो. आजचा लेख त्याबद्दल.

बर्फ तिकडे, गारठा इकडे

आधी मास्तरांच्या बर्फाचे पाहू. हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूने हवेचे थंड, दमट भोवरे इराण, अफगाणिस्तान असा प्रवास करीत आपल्या उत्तर सीमेपर्यंत येतात. हवामान खाते त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणते. काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडच्या डोंगरांवर जो बर्फ पडतो तो बहुतांशी यांच्यामुळे. पंजाब-हरियाणाच्या गव्हाला हिवाळ्यात पाऊस मिळतो तोही त्यांच्यामुळेच. उत्तरेच्या सपाट मैदानात मात्र बर्फ सहसा पडत नाही. तिथली पांढरी शेते आपण टीव्हीवर पाहतो, तो बहुधा गारांचा खच असतो.

असा एखादा भोवरा येतो तेव्हा आपल्याकडे थोडे ढग येतात आणि रात्र उबदार होते. तो पुढे सरकला की आकाश निरभ्र होते आणि त्या बर्फाळ डोंगरांवरून निघालेला उत्तरेचा कोरडा वारा दख्खनच्या पठारावर उतरतो. मग सोलापुरात पहाटे पुन्हा गारठा. मात्र याच निरभ्र आकाशातून दुपारी सूर्य कसलाही आडपडदा न ठेवता तापतो. फेब्रुवारीत आपल्याकडचे कमाल तापमान साधारण ३४ अंशांच्या आसपास असते, मार्चमध्ये ते ३७ च्या आसपास जाते. हवा कोरडी असल्याने पहाट आणि दुपार यांत पंधरा-सोळा अंशांचा फरक सहज पडतो.

म्हणजे उत्तरेतला बर्फ आपल्या पहाटेवर परिणाम करतो, दुपार काही त्याच्या ताब्यात नसते. 'होळीला थंडी जळते' असे आपल्याकडे म्हणतात. पण अलीकडे दुपारची थंडी होळीच्या बऱ्याच आधी जळून जाते. २०२२ चा मार्च महिना देशाच्या सरासरी कमाल तापमानाच्या दृष्टीने १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. २०२३ चा फेब्रुवारी कमाल तापमानात असाच पहिला आला. २०२५ च्या फेब्रुवारीने दिवस-रात्रीच्या सरासरी तापमानाचा उच्चांक केला. ऊन आता तारीख पाहून येत नाही.

गारांचा तो पंधरवडा

या दिवसांतला वारा किती लहरी असतो हे आपल्या जिल्ह्याने २०१४ साली पाहिले आहे. त्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्याच्या मोठ्या भागात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. सोलापूर जिल्हा त्यात होता, शेजारचा मराठवाडाही होता. द्राक्षे, डाळिंबे, काढणीला आलेली ज्वारी डोळ्यांदेखत आडवी झाली. शेतात गारांचा थर पाहून लोक म्हणाले, आपल्याकडे काश्मीर झाले. पण ते पाहायला जाण्यासारखे काश्मीर नव्हते.

डॉक्टर म्हणून त्यातले दोन धडे सांगतो. गारा आणि वीज एकाच ढगातून येतात. गारेच्या माराने डोके फुटू शकते, म्हणून माणूस झाडाखाली धावतो, आणि वीज पडण्याचा धोका तिथेच जास्त. ढगाचा गडगडाट ऐकू आला की शेतातले काम सोडून पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जावे. रचलेला कडबा झाकून येतो म्हणून मागे थांबू नये. दुसरा धडा असा की, वादळाने हवा दोन दिवस गार होते आणि आपण उन्हाळ्याला पुन्हा विसरतो. तिसऱ्या दिवशी ऊन जोराने परतते.

माझ्या हातून झालेली चूक

आता जे सांगणार आहे ते सांगायला मला अजूनही जड जाते. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मार्चचा पहिला आठवडा होता. आठवडाभर पहाटे चांगलाच गारठा होता आणि तीन दिवसांपासून दुपार एकदम तापली होती. दवाखान्यात सर्दी-तापाच्या पेशंटची रांग होती. त्या रांगेत पूर्व भागातल्या एक मावशी होत्या. वय पंचावन्नच्या आसपास, घरी विड्या वळण्याचे काम. डोके ठणकते, मळमळते, अंगात कणकण आहे, पायात गोळे येतात, असे त्यांनी सांगितले. थर्मामीटरवर ताप शंभराच्या थोडा वर. त्या दिवशी त्यांच्या आधी आलेल्या दहा जणांनीही डोके आणि कणकण हेच सांगितले होते. मी त्यांनाही तापाची गोळी लिहून दिली आणि वर म्हणालो, "मावशी, पांघरूण घेऊन पडा. थंडीचा ताप आहे, दोन दिवसांत उतरेल."

संध्याकाळी त्यांचा मुलगा धावत आला. "डॉक्टर, आई काहीतरीच बरळतीय. मला ओळखंना."

मी स्कूटर काढून त्याच्या मागे गेलो. पत्र्याची एक खोली. दार सोडले तर हवेला वाट नाही. मावशी घोंगडी पांघरून पडलेल्या. अंगाला हात लावला आणि चटका बसला. ताप १०५ च्या पुढे होता. मग कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की हा थंडीचा ताप नाही, हा उष्माघात आहे.

घोंगडी भिरकावली. पिंपातले पाणी अंगावर ओतले, शेजारणींनी ओल्या साड्या आणल्या, मुलाने पुठ्ठ्याने वारा घातला, पंखा पूर्ण सोडला. गाडी येईपर्यंत आणि गाडीत बसल्यावरही आम्ही पाणी मारणे थांबवले नाही. मावशी वाचल्या. पाच दिवसांनी घरी आल्या. महिन्याने स्वतः चालत माझ्याकडे आल्या तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा ते प्रश्न विचारले, जे पहिल्या दिवशीच विचारायला हवे होते.

काम कुठे करता? पत्र्याखाली. पंखा? "पंखा लावला की सुपातली तंबाखू उडती, डॉक्टर. बंदच असतो." पाणी किती पिता? "दुपारी पीत नाही. संडास लांब हाय, सारखं कोण उठणार? हजार विड्या व्हायला पायजेत ना." रक्तदाबाची कोणती गोळी घेता? त्यांनी पाकीट दाखवले. त्यात लघवी वाढवणारे औषध होते.

आणि घोंगडी? मावशी म्हणाल्या, "तुम्हीच म्हणालात ना पांघरून पडा म्हणून. आन् टीव्हीवर पण उत्तरेत बर्फ पडल्याचं दाखवत होते. मला वाटलं, थंडीच भरली असंल."

त्या दिवशी सोलापूरचा पारा चाळीसला पोचला नव्हता. पेपरात 'उष्णतेची लाट' हे शब्द कुठेही नव्हते. तेव्हापासून फेब्रुवारीच्या अखेरीस माझ्या टेबलावर एक कागद चिकटवलेला असतो. त्यावर लिहिले आहे : काम कुठे? पाणी किती? गोळ्या कोणत्या? लघवीचा रंग कसा?

शरीराला दोन आठवडे लागतात

वाचक विचारतील, चाळीसच्या खालच्या उन्हात उष्माघात होतो? मे महिन्यात तर आपण त्याहून कडक ऊन काढतो. बरोबर आहे. पण मे महिन्यातले शरीर आणि मार्चमधले शरीर वेगळे असते.

उन्हात रोज थोडे थोडे राहिल्यावर शरीर स्वतःला त्याप्रमाणे घडवते. घाम लवकर सुटू लागतो, जास्त सुटतो आणि त्यातून मीठ कमी जाते. रक्तातील पाण्याचा अंश वाढतो, त्यामुळे तेवढेच काम करताना हृदयाचे ठोके कमी पडतात. ही सगळी तयारी व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. हिवाळ्यात ती पुसली जाते आणि दरवर्षी नव्याने करावी लागते. मागच्या मे महिन्याची सवय या मार्चला उपयोगी पडत नाही. अमेरिकेतील कामगार सुरक्षेच्या खात्याने उन्हातील कामगारांच्या मृत्यूंबद्दल जे सांगितले आहे ते याच्याशी जुळते. हे मृत्यू बहुतेक करून कामाच्या पहिल्या काही दिवसांत होतात. म्हणून तिथे नव्या कामगाराला पहिल्या दिवशी उन्हात एक पंचमांशच काम द्यावे आणि रोज तेवढीच वाढ करावी, असा सल्ला दिला जातो.

आपल्या जुन्या वैद्यांनी वेगळ्या वाटेने हेच ओळखले होते. वाग्भटाने 'अष्टांगहृदय' ग्रंथात संपणाऱ्या ऋतूचे शेवटचे सात आणि येणाऱ्या ऋतूचे पहिले सात, अशा चौदा दिवसांना ऋतुसंधी म्हटले आहे. या दिवसांत जुनी दिनचर्या हळूहळू सोडावी आणि नवी हळूहळू धरावी, असे त्याचे सांगणे. चौदा दिवस, आणि तेही हळूहळू. आजचे शरीरशास्त्र दुसरे काय सांगते?

यात कोरड्या हवेची एक लबाडी आहे. मुंबईला घाम निथळतो म्हणून माणूस पाणी पितो. आपल्याकडे घाम सुटताच वाळतो. अंग कोरडे लागते, आणि माणूस म्हणतो, घामच नाही तर पाणी कशाला? सदऱ्यावर पांढरे डाग दिसले तर समजावे की घाम आला होता. पाणी उडून गेले, मीठ मागे राहिले.

अंदाज कसा वाचावा?

हवामानाचा अंदाज आपण पावसाळ्यापुरता वाचतो. खरे तर उत्तरेच्या बर्फावरून आपल्या पावसाचा अंदाज बांधण्याचा प्रयत्न सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी सुरू झाला. १८७६ ते १८७८ या वर्षांत दख्खनमध्ये महाभयंकर दुष्काळ पडला. सोलापूर त्यात होरपळले. त्याच्या आदल्याच वर्षी, १८७५ मध्ये, भारतीय हवामान खाते स्थापन झाले होते. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयावर बर्फ जास्त पडला की पुढचा पावसाळा कमजोर होतो, असा संबंध मांडला आणि १८८६ पासून त्या आधारे पावसाचे अंदाज दिले जाऊ लागले. आज त्यासाठी समुद्राच्या तापमानासह कितीतरी गोष्टी पाहतात. पण चार महिन्यांपूर्वीची खूण ओळखून तयारीला लागायचे, हे तत्त्व तेच. पेरणीसाठी आपण ते वापरतो, मग प्रकृतीसाठी का नको?

हवामान खाते फेब्रुवारी संपता संपता मार्च ते मे या तीन महिन्यांच्या तापमानाचा अंदाज प्रसिद्ध करते. रोजचा अंदाज वर्तमानपत्रात, आकाशवाणीवर, मोबाइलवर मिळतो. तो वाचताना तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, कमाल तापमान सरासरीपेक्षा किती वर आहे. नुसता ३८ हा आकडा मे महिन्यात दिलासा देतो, फेब्रुवारीत मात्र तोच इशारा असतो.

दुसरी, किमान तापमान. रात्र थंड झाली तर शरीराला विसावा मिळतो. रात्रही उबदार राहू लागली की म्हातारी माणसे आणि हृदयरोगी यांचा त्रास वाढतो.

तिसरी, रंग. हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल अशा चढत्या क्रमाने इशारा दिला जातो. पण इथे एक मेख आहे. आपल्यासारख्या पठारी आणि सपाट भागात उष्णतेची लाट जाहीर करायला कमाल तापमान निदान ४० अंश असावे लागते आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंश तरी जास्त असावे लागते, किंवा पारा थेट ४५ ला पोचावा लागतो. लाट म्हणजे काय हे सगळ्या देशासाठी एका मापात ठरवायचे तर असा नियम लागतोच. पण त्याचा अर्थ असा की फेब्रुवारी-मार्चच्या ३७-३८ अंशांना लाल अक्षरांत इशारा मिळेलच असे नाही. मावशींना तो मिळाला नव्हता.

म्हणून माझा साधा हिशेब असा. ज्या दिवशी दुपारी पहिल्यांदा पंखा लावावासा वाटला, त्या दिवशी कॅलेंडरवर खूण करावी आणि पुढचे पंधरा दिवस सांभाळून काढावेत.

या पंधरा दिवसांत काय करावे?

सकाळी स्वेटर जरूर घालावा, पण तो काढायची वेळही ठरवावी. तान्ह्या बाळांच्या बाबतीत हे फार महत्त्वाचे. पहाटे घातलेले टोपडे, झबले, वरून दुपटे, असे बाळ दुपारी पत्र्याच्या घरात तसेच गुंडाळलेले असते. ते किरकिरते तेव्हा आजी म्हणते दृष्ट लागली. आधी टोपडे काढा, अंगावर घ्या, मग दृष्ट काढा.

शेतातले काम एकदम दिवसभराचे धरू नये. ज्वारीची काढणी याच दिवसांत येते. घरच्या माणसांपेक्षा अनेक महिन्यांनी शेतात उतरलेला पाहुणा किंवा नवा मजूर यांची काळजी जास्त घ्यावी. पहाटे लवकर सुरू करून अकरापर्यंत आटोपावे, उरलेले चारनंतर. ज्यांना दमा आहे त्यांनी मळणीच्या वेळी नाकातोंडाला ओला रुमाल बांधावा आणि श्वासाचे औषध जवळ ठेवावे.

यंत्रमागाच्या कारखान्यात वाऱ्याने सूत तुटते म्हणून खिडक्या बंद ठेवतात. मालक मंडळींना विनंती आहे की, दर तासाला दहा मिनिटे कामगाराला बाहेर सावलीत बसू द्यावे आणि पाण्याचा माठ त्याच्या हाताशी असावा. विडी कामगार भगिनींनी पहाटेच्या गारव्यात जास्त काम उरकावे. दुपारी सूप खाली ठेवून तासभर पंखा लावावा. संडास लांब आहे म्हणून पाणी न पिणे हा बचतीचा मार्ग नाही. त्याने मूतखडा, लघवीची जळजळ आणि वेळ आली तर उष्माघात पदरात पडतो. पत्र्यावर बाहेरून पांढरा चुना मारावा. खर्च थोडा, पण खोलीत फरक जाणवतो.

पाणी तहान लागण्याची वाट न पाहता प्यावे. किती? लघवी फिकट पिवळी राहील इतके. गडद झाली की समजावे, शरीर उधारीवर चालले आहे. ताक, ज्वारीची आंबील, लिंबू-पाणी ही आपली घरची पेये उत्तम. फार घाम गेला, जुलाब झाले तर जलसंजीवनीचे पाकीट आणावे. ते नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. मीठ अंदाजाने जास्त टाकू नये. मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या आजारामुळे ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच प्रमाण बदलावे.

आता रसवंतीगृहांची घुंगरे वाजू लागतील. उसाचा रस चांगलाच, पण त्यातला बर्फ कुठल्या पाण्याचा, हे कोणी विचारत नाही. कावीळ, विषमज्वर, जुलाब या बर्फातून घरी येतात. उत्तरेतल्या बर्फाची काळजी हवामान खाते करील. आपण रसाच्या ग्लासातल्या बर्फाची करावी आणि रस बिनबर्फाचा मागावा. मधुमेह्यांनी लांबूनच घुंगरे ऐकावीत.

रक्तदाब, हृदयविकार, मानसिक आजार यांच्या काही गोळ्या आणि सर्दीच्या काही गोळ्यादेखील उन्हात शरीराचे काम अवघड करतात. काही लघवी वाढवतात, काही घाम कमी करतात. गोळी आपल्या मनाने मात्र बंद करू नये, त्याने वेगळेच संकट येते. उन्हाळा लागताना एकदा सगळी पाकिटे पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवावीत आणि 'उन्हासाठी काही बदल हवा का?' असे विचारावे. पाच मिनिटांचे काम आहे.

सध्या काही वर्षे रमजानचा महिनाही याच दिवसांच्या आसपास येतो. रोजा ठेवणाऱ्या बंधुभगिनींनी इफ्तारपासून सहरीपर्यंत थोडे थोडे करून पाणी प्यावे, एकदम पोटभर पिऊ नये. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी वेळा आणि मात्रा डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्याव्यात. आजारी माणसाला धर्मानेही सवलत दिली आहे. दहावी-बारावीच्या परीक्षाही याच सुमारास. मुलांच्या दप्तरात पेनाबरोबर पाण्याची बाटली आणि टोपी असावी. उपाशीपोटी पेपरला पाठवू नये.

धोक्याची खूण

थकवा, डोकेदुखी, चक्कर, मळमळ, पायात गोळे आणि भरपूर घाम, ही उन्हाच्या त्रासाची पहिली पायरी. अशा माणसाला सावलीत आडवे करावे, कपडे सैल करावेत, अंग ओले करून वारा घालावा आणि शुद्धीवर असेल तर घोट घोट पाणी द्यावे. साध्या विषाणूच्या तापात बहुधा घसा, नाक, खोकला यांची तक्रार असते आणि घरात आणखी कोणीतरी आजारी असते. तशी काही तक्रार नसेल आणि माणूस पत्र्याखालून किंवा उन्हातून आला असेल, तर आधी उन्हाचा संशय घ्यावा.

अंग भाजल्यासारखे तापले आहे आणि माणूस बरळतो, ओळखत नाही, झटका येतो किंवा शुद्ध हरपते, तर तो उष्माघात. शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या, म्हणजे थर्मामीटरवर १०४ च्या वर गेलेले असते. अंग कोरडेच असेल असे नाही, कष्टाचे काम करताना झालेल्या उष्माघातात घामही असू शकतो. इथे प्रत्येक मिनिट मोलाचे. १०८ ला फोन करावा, पण गाडी येईपर्यंत हात बांधून बसू नये. अंगावर पाणी ओतावे, ओली कापडे घालून जोराचा वारा घालावा, काखेत, जांघेत, मानेला गार पाण्याच्या पट्ट्या ठेवाव्यात. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये, ते छातीत जाते. तापाची गोळी इथे चालत नाही. आणि पांघरूण तर मुळीच नको. हे शेवटचे वाक्य लिहिताना मला कोणाची आठवण येते ते आता आपल्याला ठाऊक आहे.

अहमदाबाद शहरात मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू जास्त झाल्याचे पुढे आढळले. त्या शहराने २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला. आधी इशारा द्यायचा, डॉक्टर-परिचारिकांना शिकवायचे, पाणपोया उघडायच्या, लोकांना सांगायचे. त्यात अवघड यंत्रसामग्री नव्हती. असाच छोटा आराखडा प्रत्येक घराला करता येतो. माठ भरणे, गोळ्या दाखवणे, एकट्या राहणाऱ्या शेजाऱ्याच्या दारावर दुपारी एकदा टकटक करणे, एवढेच त्यात लिहायचे.

त्या मावशी अजून माझ्याकडे येतात. विड्या आता कमी वळतात. मुलाने पत्र्याला चुना मारला आहे आणि भिंतीला एक झरोका पाडला आहे. दरवर्षी गड्ड्याची जत्रा संपून महिना झाला की त्या येऊन गोळ्यांचे पाकीट टेबलावर ठेवतात आणि विचारतात, "डॉक्टर, ऊन आलं. ह्यातली कुठली बदलायची?" त्यांना अंदाज वाचता येत नाही, तरी त्या माझ्याआधी ओळखतात.

मास्तरांनी त्याच संध्याकाळी माठ काढल्याचे कळले. आपला माठ अजून माळ्यावर असेल तर हा लेख वाचून झाल्यावर खाली काढावा, स्वच्छ धुवावा आणि भरून ठेवावा. उत्तरेत बर्फ पडत असला तरीही!